थाई पद्धतीनं लग्न करताय? परदेशी जोडपी हमखास विचारतात ते प्रश्न

आम्ही दोघंही मराठी. नवरा ठाण्याचा, मी साताऱ्याची. नोकरीमुळे बँकॉकला राहिलो आणि लग्न तिथून तीनेक तासांवरच्या हुआहिनला, थाई पद्धतीनं केलं. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे आणि त्यांच्या मावशा फोन करतात. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. भारतातून येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण बरंचसं कुठल्याही परदेशी जोडप्याला लागू पडेल.

आमच्यापैकी कुणीच थाई नाही, बौद्धही नाही. तरी आमचं लग्न लावतील का?

लावतील. पण 'लावणं' या शब्दातच घोळ आहे. आपल्याकडे भटजी लग्न लावतात, चर्चमध्ये पाद्री लावतो. थायलंडमध्ये भिक्खू लग्न लावत नाहीत. ते येतात, सुत्तं म्हणतात, तुमचं दान स्वीकारतात आणि जेवून जातात. त्याला थाई लोक 'थाम बुन' म्हणतात, म्हणजे पुण्य करणं. आयुष्यातलं मोठं काम सुरू करताना पुण्य गाठीला बांधायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, कुणी विचारतही नाही.

तेव्हा आधी तीन गोष्टी वेगळ्या करा: सरकारी नोंदणी, सकाळी भिक्खूंसमोरचं पुण्यकर्म, आणि वडीलधाऱ्यांनी शंखानं हातावर पाणी घालायचा घरचा विधी. यातलं एक झालं म्हणून दुसरं झालं असं होत नाही. थाई माणसाच्या मनातलं 'लग्न' म्हणजे ते तिसरं. परदेशी जोडपी मात्र नेमकं तेच अर्ध्या तासात उरकतात आणि उरलेला दिवस फोटोंना देतात.

त्या विधीनं आम्ही कायद्यानं नवरा-बायको होतो का?

नाही. नऊ भिक्खू आले, दोनशे पाहुण्यांनी पाणी घातलं, तरी नाही. थायलंडमध्ये कायदेशीर लग्न म्हणजे जिल्हा कार्यालयातली नोंदणी. हे कार्यालय बँकॉकमध्ये 'खेत' आणि बाहेर 'आम्फो'. दोघंही परदेशी असलात तरी तिथे नोंदणी होते. क्रम साधारण असा: आपापल्या दूतावासातून लग्नाला मोकळे असल्याचं पत्र घ्यायचं, त्याचा थाई अनुवाद करून घ्यायचा, तो परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागातून प्रमाणित करायचा (बँकॉकचं मुख्य कार्यालय चेंग वत्थना रस्त्यावर आहे), मग पासपोर्ट आणि दोन साक्षीदार घेऊन आम्फोत जायचं. कार्यालयात जाऊन नोंदणी केली तर फी नाही. हातात येतं ते प्रमाणपत्र 'खो रो 3'. त्यावर वर्ष बुद्ध संवतातलं असतं, म्हणजे 2026 च्या जागी 2569. अनुवादकाकडून ते बदलून घ्या आणि नावांची स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. थाई लिपीत जाऊन परत येताना 'देशपांडे'चं काय काय होतं, ते मी पाहिलंय.

घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीला पुन्हा पुरुषाशी लग्न करायचं असेल तर थाई कायद्यात 310 दिवस थांबण्याची अट आहे. तिला काही अपवाद आहेत, त्याबद्दल आम्फोत आधी विचारा.

माझं मत विचाराल तर नोंदणी आपल्या देशात करा आणि थायलंडमध्ये फक्त विधी. विशेष विवाह कायदा 1954 खाली 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेवढं वेळापत्रक धरून चाला. लग्नाच्या आठवड्यात एका कागदासाठी बँकॉकभर टॅक्सीनं फिरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. हौसच असेल तर बँकॉकचं बांग राक खेत कार्यालय आहे. नावात 'राक' म्हणजे प्रेम, म्हणून 14 फेब्रुवारीला तिथे नोंदणीसाठी झुंबड उडते.

आम्ही दोघी मुली आहोत. आम्हाला चालेल का?

चालेल, कायद्यानंही. थायलंडचा विवाह समानता कायदा 23 जानेवारी 2025 पासून लागू झाला. त्याच कायद्यानं लग्नाचं वय 18 केलं. भारतात मात्र त्या प्रमाणपत्राचा आज उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयानं 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला होता. विधीत कोण कुठे बसणार, मिरवणूक कोण आणणार हे तुमचं तुम्ही ठरवा. हल्ली तिथले संयोजक आपणहूनच विचारतात.

मुहूर्त कसा काढायचा? पत्रिका लागते का?

थाई मुहूर्ताचा शब्द आहे 'रक'. संस्कृत ऋक्ष, म्हणजे नक्षत्र, त्यावरून आलेला. घरातली मोठी माणसं भिक्खूंना किंवा ज्योतिषाला विचारून तारीख घेतात. परदेशी जोडप्यावर ती सक्ती नाही. पण वार पाहा. थाई म्हण आहे: शुक्रवारी प्रेत जाळू नये, मंगळवारी शेंडी काढू नये, बुधवारी लग्न करू नये. हॉटेलवाला बुधवार स्वस्तात देईल, थाई पाहुणे मात्र आतल्या आत कुजबुजतील.

वर्षावासाचे, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एकाच विहारात राहतात ते तीन महिनेही बरेच जण टाळतात. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात हे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला यात काहीच नवल नाही. माझ्या आजीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग शहाणीच आहेत की ती माणसं."

वेळ बहुधा सकाळची, आणि त्यात नऊचा आकडा आला तर दुधात साखर. थाईत नऊ म्हणजे 'काओ', आणि पुढे पाऊल टाकणं यालाही 'काओ'. म्हणून पत्रिकेवर 9 वाजून 9 मिनिटं असं छापलेलं दिसतं. ती छपाईची चूक नव्हे.

भिक्खूंना बोलवायचं तर काय तयारी लागते?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

संख्या बहुतेक नऊ. जागा लहान असेल तर पाच किंवा सात. बोलावणं विहारात जाऊन करायचं, त्यांना आणायची-सोडायची गाडी तुमची. त्यांची बैठक गृहस्थांपेक्षा उंच असावी लागते. मुख्य भिक्खूंच्या उजव्या बाजूला बुद्धमूर्ती असते. तिथून 'साय सिन' नावाचा पांढरा सुती धागा निघतो, पाण्याच्या पात्राला वेढा घेतो आणि एकेका भिक्खूच्या हातातून पुढे जातो. पठण चालू असताना तो धागा ओलांडायचा नाही. लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

पठणानंतर दोघांनी मिळून दान द्यायचं. भिक्षापात्रात भात वाढताना एकच पळी दोघं धरतात. ज्याचा हात वर त्याचा संसारात वरचष्मा, असा समज आहे. अख्खा मांडव मान उंच करून पाहत असतो, फोटोग्राफर तर जास्तच. शिवाय 'सांगखाथान' द्यायचं असतं. शब्द कानाला ओळखीचा वाटला ना? संघदानच ते. साबण, टूथपेस्ट, चहा, औषधं असं रोजच्या वापरातलं सामान पिवळ्या बादलीत भरलेलं विहाराजवळच्या दुकानांत मिळतं. दक्षिणेचं पाकीट वेगळं. ते कुणाच्या हातात द्यायचं हे विहारातल्या सेवेकऱ्याला आधी विचारून ठेवा.

बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही. भिक्खू समोर एक कापड पसरतात, त्यावर ठेवायची. कपाळावर तीन ठिपके लावताना वराला ते स्वतः लावतात. वधूच्या वेळी वराचा हात धरून त्याच्या बोटानं लावतात. हा क्षण फार देखणा असतो, आणि आधी माहीत नसेल तर वर गोंधळून हात मागे ओढतो.

आता घड्याळ. भिक्खूंचं जेवण दुपारी बाराच्या आत व्हायलाच हवं, बारानंतर ते जेवत नाहीत. आमच्या वेळी केटररनं अन्न सव्वाअकराला आणलं. मुख्य भिक्खूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, हसले आणि पठण थोडक्यात आटपलं. नऊ जण शांतपणे जेवून बाराला पाच कमी असताना हात धुवायला उठले. ती चाळीस मिनिटं माझी सासू पाण्याचा ग्लास हातात धरून उभी होती. तुम्ही जेवण साडेदहाला तयार ठेवा. आणि भिक्खू असेपर्यंत दारूची बाटली दिसता कामा नये, बारच्या मागेसुद्धा.

पठण पालीत असतं. आम्हाला काही म्हणावं लागतं का? समजेल का?

त्रिशरण-पंचशील म्हणावं लागतं, सेवेकरी एकेक ओळ सांगतो. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरात वाढलेल्या वाचकांना इथे काहीच शिकवायला नको. 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मा सम्बुद्धस्स' तेच, फक्त थाई जिभेवर 'भगवतो'चं 'फखवतो' होतं आणि 'बुद्धं'चं 'फुत्थंग'. आमच्या लग्नाला नागपूरचा एक मित्र आईला घेऊन आला होता. भिक्खूंनी जेवणाआधी 'फाहुंग सहस्स' सुरू केलं आणि त्या माउलीनं चमकून वर पाहिलं. ती होती जयमंगल अष्टगाथा, 'बाहुं सहस्स', आपल्याकडच्या बौद्ध लग्नांत म्हणतात तीच. पुढच्या सगळ्या गाथा काकूंनी भिक्खूंबरोबर म्हटल्या. उच्चार वेगळे, चाल वेगळी, पण एकही शब्द चुकला नाही. कार्यक्रम संपल्यावर थाई बायका त्यांच्याभोवती जमल्या. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती.

'खन माक' म्हणजे नक्की काय? आमची वरात चालेल का त्याऐवजी?

'खन' म्हणजे वाडगा आणि 'माक' म्हणजे सुपारी. सुपारीचं तबक घेऊन मुलीकडे जायचं, तीच ही मिरवणूक. 'सुपारी फुटली' म्हणजे लग्न ठरलं असं म्हणणाऱ्या आपल्या माणसांना आणखी समजावून सांगायला नको.

पुढे क्लोंग याओ नावाचे लांबट ढोल, मागे वर, त्याचे आई-वडील आणि तबकं धरलेली माणसं. तबकांत विडा-सुपारी, पैसे, सोनं, मिठाई, फळं. दोन माणसांच्या हातात केळीचं आणि उसाचं रोप. ती रोपं पुढे घराच्या अंगणात लावायची असतात. तुम्ही हॉटेलात असाल तर माळ्याला द्या, रात्री कचऱ्यात जाऊ देऊ नका. मध्येच एक जण लांब 'होऽऽऽ' असा सूर लावतो आणि सगळे 'हिऊऽऽ' म्हणून साथ देतात. ही आरोळी आपल्या पाहुण्यांना दोन मिनिटांत जमते. ढोल असल्यामुळे बाकीचंही जमतं. आमच्याकडे लेझीमचा डाव झाला होता, लेझीम नसताना.

मुलीच्या दाराशी मात्र अडवणूक असते. तिच्या बहिणी, मैत्रिणी साखळ्या किंवा पट्टे आडवे धरून उभ्या असतात. त्यांना चांदीचं दार, सोन्याचं दार म्हणतात. प्रत्येक दारात पाकीट दिल्याशिवाय सोडत नाहीत. पाकिटाला थाईत 'सोंग'. ती भरपूर न्या, आतली रक्कम छोटी चालते, पण शेवटच्या सोन्याच्या दाराला थोडी जास्त हवी. वर दंड-बैठका काढतो, गाणं म्हणतो, 'माझं हिच्यावर प्रेम आहे' असं ओरडतो. आपली कानपिळी आणि बूट पळवणं एकत्र केल्यावर जे होईल, ते हे. माझ्या नवऱ्याला गाणं येत नाही. त्यानं उखाणा घेतला: "चांदीची साखळी ओलांडली, सोन्याची राहिली बाकी, हिचं नाव घेतो, पाकीट घ्या नि सोडा काकी." साखळी धरणाऱ्या थाई काकींना एक शब्द कळला नाही, पण यमक कळलं. सोडलं.

पैशांवरून एक सूचना. थाई नोटांवर आणि नाण्यांवर राजाचं चित्र असतं. गर्दीत नोट खाली पडली तर ती उडू नये म्हणून पाय ठेवायचा नाही. आपला हा हिसका हाताआधी पायाचा असतो, म्हणून आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगा.

'सिन सोत' म्हणजे हुंडा का?

उलटा. मुलाकडून मुलीच्या आई-वडिलांना दिली जाणारी ही रक्कम. वाढवल्याबद्दल कृतज्ञता म्हणून देतात असं सांगतात. मोठ्या माणसांसमोर ती मांडतात, मोजतात, वर तांदूळ, तीळ, शेंगदाण्यासारखे दाणे आणि फुलं टाकतात. मग मुलीची आई सगळं कापडात बांधून खांद्यावर घेते आणि ओझ्यानं वाकल्याचा अभिनय करते. दोघंही परदेशी असाल तर हे लुटुपुटूचं होतं. तबकात सोन्याची साखळी आणि थोडे पैसे ठेवले की झालं. काही घरांना हुंड्याच्या आठवणीनं हा भागच नको वाटतो. गाळा, काही बिघडत नाही.

पण मुलगी खरोखर थाई असेल तर हा विषय थट्टेवारी नेऊ नका. आकडा लग्नाच्या कितीतरी आधी, शांतपणे, मध्यस्थामार्फत ठरतो. लग्नानंतर ती रक्कम काही घरं जोडप्याला परत देतात, काही ठेवतात, काही थोडी ठेवतात. हे आधी विचारायचं, आणि विचारायचं ते मुलीनं तिच्या आईला. तुम्ही नाही.

सोनं तिथेच घेणार असाल तर वजनाचा घोटाळा होतो. दुकानात 'बाट' हे वजनही आहे. दागिन्याचा एक बाट म्हणजे 15.16 ग्रॅम, आपल्या दहा ग्रॅमच्या तोळ्याच्या दीडपट. शुद्धता 96.5 टक्के, आपल्या 22 कॅरेटपेक्षा जास्त. म्हणूनच ते पिवळं धमक दिसतं आणि आत्या कानात विचारते, "खरं आहे ना गं?"

शंखानं पाणी घालण्याचा विधी कसा होतो?

'रोत नाम सांग'. 'सांग' म्हणजे शंख. आपल्याकडे शब्द तयारच आहे: शंखोदक. यात बौद्धापेक्षा ब्राह्मणी परंपरेचा वारसा जास्त आहे. थाई दरबारात आजही राजब्राह्मण आहेत, आणि बँकॉकमधलं त्यांचं देवस्थान 1784 सालचं आहे.

वर-वधू बुटक्या बाकासमोर बसतात. वधू वराच्या डावीकडे, आपल्यासारखीच. दोघांचे हात जोडून पुढे, खाली पाणी झेलायला फुलांनी सजवलेली पात्रं. घरातलं ज्येष्ठ माणूस दोघांच्या डोक्यावर 'मोंग्खोन' चढवतं. मोंग्खोन म्हणजे मंगल. साय सिनच्या धाग्याची दोन कडी, मध्ये त्याच धाग्यानं जोडलेली. मुंडावळ्या बांधलेल्या कुणालाही कपाळावरचा तो हलका दाब ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की इथे दोघांची डोकी एकाच धाग्यात असतात. तुम्ही मान वळवली की त्याचीही थोडी ओढली जाते. अर्धा तास दोघांनी डोकं एका लयीत सांभाळायचं.

मग रांग लागते, वयानं सगळ्यात मोठं माणूस पुढे. शेजारी उभी असलेली मुलगी शंख भरून हातात देते, ते माणूस पाणी एकाच्या, मग दुसऱ्याच्या हातावर सोडतं आणि हळू आवाजात काहीतरी बोलतं. मंगलाष्टकांत सगळे मिळून एकदमच 'सावधान' म्हणतात आणि अक्षता पडतात. कोणाच्या मुठीतली कुठली ते कळत नाही. इथे प्रत्येक जण तुमच्यासमोर गुडघ्यापर्यंत वाकून, तुमच्या डोळ्यांत बघून एकटा बोलतो. माझे वडील घरी कधी तीन वाक्यांवर बोलत नाहीत. त्यांनी पाणी सोडलं आणि म्हणाले, "भांडलात तर जेवून भांडा." पाणी कोमट होतं, कुणीतरी त्यात जाईची फुलं टाकली होती.

परंपरेनं वयानं लहान असलेल्यांनी आशीर्वाद द्यायचा नसतो. मित्र-मैत्रिणींना रांगेत घ्यायचं तर घ्या, पण शेवटी. आणि खर्च कमी करायचा असेल तर इतर कशातही करा, या रांगेत नाही. आजी-आजोबांचं तिकीट परवडत नसेल तर ड्रोनवाला रद्द करा. प्रत्येकाला मिनिटभर मिळेल असा हिशेब धरा. साठ माणसं असतील तर तासभर लागेल. सूत्रसंचालक 'लवकर, लवकर' करणारा असेल तर त्याला बाजूला घेऊन आधीच सांगा.

कपडे थाईच घालायचे का? नऊवारी चालेल?

दोन्ही चालतं. थाई घालणार असाल तर 'चुत थाय' भाड्यानं मिळतात, नेसवायला बाई येते. वधूचा 'साबाय', म्हणजे एका खांद्यावरून जाणारं वस्त्र, आणि खाली निऱ्यांचं रेशमी वस्त्र. आज लग्नांत दिसणारे बरेच प्रकार राणी सिरिकिट यांनी 1960 च्या आसपास घडवलेल्या आठ पोशाखांतले आहेत. वराचा 'चोंग क्राबेन' तर आपल्या काष्ट्याचाच भाऊ. मधून घेऊन मागे खोचायचा. आमच्या नेसवणाऱ्या बाईनं माझ्या आईची नऊवारी पाहिली, मागे जाऊन काष्टा निरखला आणि आपल्या मदतनीस मुलीला बोलावून दाखवला. वराच्या बंद गळ्याच्या पांढऱ्या कोटाचं नाव 'राचपतेन'. राजा चुलालोंगकोर्न 1872 च्या सुमारास भारतात आला, तेव्हा कलकत्त्यात हा कोट पहिल्यांदा शिवला गेला असं सांगतात. 'राज' आणि इंग्रजी 'पॅटर्न' मिळून हा शब्द झाला.

पाहुण्यांनी काळं घालू नये, तो सुतकाचा रंग. भिक्खूंसमोर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बॅकलेस ब्लाउजवर एक शाल जवळ असू द्या.

हारांत एक गंमत आहे. थाई 'फुआंग मालाय'मध्ये मोगऱ्यासारख्या कळ्यांबरोबर पांढरी मेणासारखी फुलं असतात, त्यांचं नाव 'दोक राक', प्रेमाचं फूल. जवळून पाहिलं तर रुई! शनिवारी मारुतीला वाहतो ती. माझ्या मामांनी हार हातात घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "हा आपला की मारुतीचा?"

घरचे शाकाहारी आहेत. जेवणाचं काय?

'मांग्सावीरात' हा शब्द पाठ करा. मांसविरती. पण तेवढ्यावर भागत नाही. अंडी त्यात येऊ शकतात, आणि स्वयंपाक्यांच्या हाताला 'नाम प्ला' (माशाचं पाणी) आणि 'कापी' (कोळंबीची चटणी) यांची इतकी सवय असते की ते त्यांना 'मासे' वाटतच नाहीत. आपल्याला मिठाचं वाटतं तसं. पपईच्या सॅलडमध्ये, भाजीच्या रस्सेदार आमटीत, सगळीकडे. 'नाम प्ला नको, कापी नको' असं शब्दशः लिहून द्या. कांदा-लसूणही नको असेल तर शब्द 'जे'. पिवळ्या पट्टीवरची लाल अक्षरं म्हणजे 'जे' जेवण. त्यात अंडी-दूधही नाही, म्हणून चहाचं दूध वेगळं सांगा.

ते पिवळे गोड पदार्थ कसले?

थोंग यिप, थोंग योत, फोय थोंग. 'थोंग' म्हणजे सोनं, म्हणून लग्नात हवेतच. फोय थोंग म्हणजे सोन्याच्या तारा, त्या कापायच्या नाहीत, नातं लांब टिकावं म्हणून. पण शाकाहारी मंडळींना सावध करा: हे सगळं अंड्याच्या पिवळ्या बलकाचं. पोर्तुगीज वळणाच्या या मिठाया सतराव्या शतकात अयुथयाच्या दरबारात मारिया गियोमार दे पिन्या हिनं रुजवल्या असं मानतात, आणि तिच्या वडिलांचं मूळ गोव्याकडचं सांगतात. अंडं न खाणाऱ्यांसाठी 'खानोम चान' घ्या: तांदूळ-साबुदाण्याचं पीठ आणि नारळाचं दूध, थरावर थर.

आपले विधी जोडता येतील का? भटजी भारतातून आणावे का?

मंगलाष्टकं, सप्तपदी, सूनमुख, काय हवं ते जोडा, पण दुसऱ्या वेळी, दुपारी किंवा आदल्या दिवशी. मध्येच घुसवलं की दोन्ही पातळ होतं. होमासाठी हॉटेलची परवानगी आणि धुराचा इशारा देणारं यंत्र, दोन्ही विचारून घ्या. बाहेरून येऊन पैसे घेऊन काम करणाऱ्याला थायलंडमध्ये कामाचा परवाना लागतो. हे भटजी, फोटोग्राफर, मेहंदीवाली सगळ्यांना लागू. बँकॉकमध्ये भारतीय वस्ती जुनी आहे, तिथलेच पाहा. ड्रोनलाही तिथे नोंदणी लागते.

गणपतीची काळजी करू नका. 'फ्रा फिकानेत' म्हणून थाई लोक त्याला चांगले ओळखतात, तुमच्या आधी ते हात जोडतील. बुद्धाची मूर्ती मात्र सजावट म्हणून टेबलावर, बारवर, सेल्फीच्या चौकटीत ठेवू नका.

उत्तरेत लग्न करायचंय, चियांग माईला. तिथेही हेच का?

तिथे आणि ईशान्येकडच्या इसानमध्ये 'बाय सी सू ख्वान' महत्त्वाचं. केळीच्या पानांचा मनोरा मध्ये ठेवून वडीलधारी माणसं मनगटाला पांढरा दोरा बांधतात. शरीरातले 'ख्वान', म्हणजे जीवाचे अंश, इकडे-तिकडे भटकू नयेत म्हणून. दोरे निदान तीन दिवस ठेवायचे, कात्रीनं कापायचे नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं जाळल्याचा धूर असतो. डोंगर दिसत नाहीत, दमेकऱ्यांना त्रास होतो.

मग कुठल्या महिन्यात कुठे?

फुकेत-क्राबीला मे ते ऑक्टोबर पाऊस. सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर. 13 ते 15 एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवायचा सण, तेव्हा गाड्या मिळत नाहीत आणि रस्त्यावर सगळे भिजलेले असतात. मोठ्या बौद्ध सणांना दारूविक्रीवर निर्बंध असतात, रात्रीची पार्टी त्या दिवशी येत नाही ना, ते पाहा. पाहुण्यांना विमानात बसण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायला सांगा, मे 2025 पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट ती नव्हे.

खाली किती वेळ बसावं लागतं? गुडघे दुखतात.

भिक्खूंसमोर दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसतात, तळवे मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे करायचे नाहीत. आपल्याला मांडीची सवय, ही बैठक वेगळीच दुखते. महिनाभर रोज दहा मिनिटं सराव करा, बाजू बदलत. वयस्कर माणसांना मागे खुर्च्या मागा, कुणी वाईट मानत नाही. शंखोदकाच्या वेळी हल्ली बऱ्याच ठिकाणी वर-वधूला बुटका स्टूल देतात. मिळाला तर घ्या.

आणि शेवटी उठताना जपा. मोंग्खोन उतरलं की जो आधी उठेल त्याचं घरात चालतं, असं थाई लोक म्हणतात. मैत्रिणी मागून "उठ, उठ" करतात. माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. मी उठायला गेले आणि नवऱ्याच्या खांद्यावर कोसळले. त्याचेही पाय बधिर. शेवटी दोघांना दोन थाई काकींनी बखोटीला धरून उभं केलं, कुणाला आधी ते व्हिडिओत नीट दिसत नाही.